दिलेल्या घरचं पाणी

आमच्या घरात मुलं माझ्याभोवती गोळा होतात ती गोष्टींसाठी की माझ्या डब्यातल्या खारकांसाठी, याचा निकाल अजून लागायचा आहे. मी एक गोष्ट सांगायला बसले की तिला पोटगोष्टी फुटतात, पोटगोष्टींना पिल्लं होतात, आणि राजा शिकारीला निघायच्या आत मुलांच्या माना डुलायला लागतात. माझा थोरला नातू म्हणतो, आजीला चिमूटभर मीठ मागावं तर ती आधी मिठागराची हकीकत सांगते. खरं आहे. पण इतकं लांबण लावून बोलायची विद्या मी कुठे शिकले हे कुणी कधी विचारलं नाही. ती मी गिरगावात शिकले, माझ्या अक्काच्या घरी, आणि त्या घराविषयी मात्र या बडबड्या बाईने आजवर तोंडातून अक्षर काढलेलं नाही.

अक्का माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिची सासरी पाठवणी झाली तेव्हा पाठराखीण म्हणून माझी रवानगी झाली. पाठराखीण म्हणजे नव्या नवरीसोबत जाणारी तिच्या माहेरची पोर. नवरीला परक्या घरी एकटं वाटू नये, रडू आलं तर पदर धरायला आपलं कुणी असावं, म्हणून ही सोय. आता मला दुसऱ्याची पाठ राखायला पाठवणं म्हणजे मांजराला दुधाशी बसवण्यातला प्रकार. बैलगाडी लालबागच्या पुढे गेली नाही तोच मी आयेच्या नावाने भोकाड पसरलं आणि नवरीनेच माझी समजूत काढली. चार दिवसांनी परत यायचं होतं. पण भावोजींना ना आई, ना बहीण. घरात बाईमाणूस नाही. ते म्हणाले, राहू द्या चिमाबाईंना, हिलाही सोबत होईल, मी त्यांना लिहायला-वाचायला शिकवतो. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ‘चिमाबाई’ म्हटलं होतं. मी राहिले.

आमचे आबा परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. सही करायची तर अंगठा पुढे करणारा माणूस, आणि जावई मिळाला तो मॅट्रिक झालेला, कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, हापिसात खुर्चीवर बसणारा. ‘काशीने नशीब काढलंन,’ असं अक्काविषयी आमच्या चाळीत जो तो म्हणत होता. आबा तर जावयाचं नाव घेतानाही डोक्यावरचं पागोटं नीट करत.

गिरगावचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत भावोजींची खुर्ची, मेज, टांगता दिवा. आतल्या खोलीत चूल, मोरी आणि जातं. परळला आमची सकाळ गिरणीच्या भोंग्याने व्हायची आणि चाळभर सुक्या बोंबलाचा वास सुटायचा. इथे सकाळी ट्रामच्या घोड्यांच्या टापा ऐकू येत, मग पिंजाऱ्याची तुणतुण, मग खालच्या वाडीत वरळीच्या कोळणीची हाळी. पण बोंबील घरात यायचे नाहीत. त्यांचा वास हापिसच्या कोटाला लागतो, असं भावोजींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. रस्त्यावरची खिडकी उघडायची नाही, कारण समोरच्या चाळीतून आत दिसतं. लुगडं कोणतं नेसायचं ते सकाळी तेच काढून ठेवत. अक्काने ‘हाय’ म्हणायचं नाही, ‘आहे’ म्हणायचं. आणि दळताना ओव्या म्हणायच्या नाहीत.

हे शेवटचं मला कळेचना. जात्यावर बसायचं आणि गायचं नाही? आमच्याकडे आये दळायला बसली की तिच्या ओवीतून आख्खं घर फिरून यायचं, आबांची गिरणी, आमची म्हातारी बोकडी, माझ्या नाकातला शेंबूडसुद्धा. अक्काचा गळा तर आयेहून गोड. पण भावोजी म्हणाले, बाईचा आवाज भिंतीबाहेर जाऊ नये. मग आम्ही दोघी समोरासमोर बसून मुक्याने दळायचो. नुसत्या दगडावर दगड फिरल्याचा आवाज किती मोठा असतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल.

भावोजींचा आवाज कधी चढला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण बायकोला मारणारा नवरा म्हटलं की लोकांना तांबारल्या डोळ्यांचा, झोकांड्या खाणारा कुणी दिसतो. तसले आमच्या परळच्या चाळीत होते की. पण तिथे मारणाऱ्याचा आवाज असे, मार खाणारीचा असे, आणि सोडवायला धावणाऱ्यांचा या दोघांहून मोठा असे. शेजारच्या खोलीतली बाई तर एका हाताने मार चुकवायची आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याची कुळी उद्धारायची. गिरगावात यातलं काही नव्हतं. भावोजी पान खात नसत, विडी ओढत नसत. जिन्यात कुणी म्हातारी भेटली तर तिच्या हातातली कळशी घेऊन वर पोचवत. मला त्यांनी पाटीवर अक्षरं शिकवली, माझा हात आपल्या हातात धरून, जराही न चिडता. आज हे लिहिते आहे ती अक्षरं त्यांचीच आहेत. त्याचं काय करावं हे मला या वयातही सुचलेलं नाही.

हापिसातून आले की ते खुर्चीत बसत, मला समोर बसवत आणि विचारत, ‘काय चिमाबाई, आज काय काय झालं?’ माझ्यासारख्या पोरीला यापेक्षा गोड प्रश्न कोणता? सुरुवातीला मी भडाभडा सांगत सुटे. आतल्या दारात अक्का उभी असायची. कोळणीशी अक्का दोन शब्द हसून बोलली, असं मी सांगायला लागले की अक्काच्या चेहऱ्यावरचं रक्त खाली उतरायचं. तेवढं ओळखायला मी लवकर शिकले. मग कोळणीची गोष्ट मी कोळणीच्या टोपलीवर न्यायची, टोपलीवरून मांजरावर, मांजरावरून परळच्या बोकडीवर, असं करत करत दिवेलागण व्हायची आणि अक्काचं नाव कुठेच यायचं नाही. भावोजी शांतपणे ऐकून घेत. माझं गोष्ट सांगणं असं सुरू झालं. माझ्या श्रोत्यांना जांभया येतात याचा मला कधीच राग आला नाही, तो यामुळे.

आणि कधी कधी ते प्रेमाने म्हणत, ‘चिमाबाई, जा, घोडे बघून या.’ खाली नाक्यावर ट्रामचे घोडे बदलायचे, घामाने निथळणारे सोडायचे, ताजे जुंपायचे. मला ते फार आवडत. पहिल्या वेळी मी उड्या मारत गेले. परत आले तर अक्का चुलीपुढे बसलेली, पदर कानापर्यंत ओढलेला, आणि भावोजी वर्तमानपत्र वाचताहेत. दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळेपासून मी घोड्यांपुढे उभी राहून घोडे बघत नसे. अजूनही कुणी गोड आवाजात मला ‘जरा बाहेर जाऊन ये’ म्हटलं की माझे पाय गार पडतात. सूनबाईला वाटतं मला संधिवात आहे.

आबा पहिल्यांदा आले ते गौरीच्या सणाला अक्काला न्यायला. आता इथे आमच्यातली एक रीत सांगायला हवी. मुलगी ज्या घरी दिली तिथे तिला मूल होईपर्यंत बापाने अन्नाचा कण की पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मुलगी दान दिलेली. दान दिल्या घरचं काही घेतलं तर दिलेलं परत घेतल्यासारखं होतं. आबा ही रीत इतकी कडक पाळत की उंबऱ्याच्या आतही येत नसत. खालीच विहिरीवर पाणी पिऊन, तोंड पुसून वर आले आणि गॅलरीत उभे राहिले. भावोजींनी आपली खुर्ची बाहेर नेऊन त्यावर त्यांना बसवलं, स्वतः उभे राहिले. अक्का दाराशी आली. आबांनी विचारलं, बरी हायस ना गो? ती म्हणाली, बरी आहे. भावोजी म्हणाले, तिला या दिवसांत पाठवणं जमणार नाही, घराची घडी नुकती बसते आहे. आबांनी मान डोलावली. बाहेरच्या खोलीतली स्वच्छ भिंत आणि टांगता दिवा तेवढा त्यांना दिसला. आत जे होतं ते बघायचं तर आत यावं लागलं असतं. परळला जाऊन त्यांनी चारचौघांत सांगितलं म्हणे, जावयाने आपल्याला खुर्ची दिली, आणि काशी आता बामणीसारखी बोलते.

पुढे एका रविवारी सकाळी आम्ही नाचणी दळत होतो. भावोजी बाहेर वाचत बसले होते. नाचणीचा वास आला की मला घर आठवायचं, अक्कालाही आठवत असावं, कारण तिच्या ओठांतून ओवी निघाली. तिला स्वतःलाही कळलं नाही. हळूच, गुणगुणल्यासारखी. मीही थांबवलं नाही, इतकं बरं वाटलं. ओवीत आयेची चूल आली, बोकडी आली, आणि दारात भावोजी उभे होते. चेहरा हसराच. म्हणाले, ‘चिमाबाई, जा, घोडे बघून या.’

परत आले तेव्हा जातं थांबलं होतं. पीठ जमिनीभर सांडलं होतं आणि भावोजी उकिडवे बसून फडक्याने ते नीट गोळा करत होते. वाया जायला नको, म्हणाले. अक्का भिंतीला टेकून बसलेली. उजवा हात तिने मांडीवर ठेवला होता, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. मनगट भलतीकडेच वळलेलं होतं.

शेजारच्या सरूकाकी उसनं तिखट मागायला आल्या, त्यांनी हात पाहिला. चुना-हळद लाव म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, ‘हे बघ पोरी, हा दारू तरी पीत नाही.’ आणि तिखट घेऊन गेल्या. त्या वाईट नव्हत्या. त्या घरात येणारं सगळं जग त्यांच्या रूपाने आलं आणि गेलं, एवढंच.

मग स्वयंपाक माझ्याकडे आला. माझी भाकरी म्हणजे एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने चिखल. थापताना ती तव्यावर कमी आणि माझ्या कोपरावर जास्त असायची. आमटीत मी मीठ दोनदा घालायची किंवा मुळीच नाही. अक्काच्या भाजीत चिमूटभर मीठ अधिक झालं तर ताट मोरीत ओतणारा हा माणूस माझी ती भाकरी तुकडा न टाकता जेवला. वर म्हणाला, शिकाल हळूहळू. मी समोर बसून ते बघत होते. तोवर मला वाटायचं, अक्का कुठेतरी चुकत असेल. मीठ, खिडकी, लुगडं, काहीतरी. त्या जेवणानंतर मला कळलं की मिठाचा प्रश्न कधी नव्हताच. हे कळल्यावर मात्र मला त्या घरात फार एकटं वाटायला लागलं, कारण हे मी कुणाला सांगणार? अक्काला ते माझ्या आधीपासून ठाऊक होतं, आणि तिने बोलणंच सोडलं होतं.

हात सुजून काळानिळा होता तेव्हाच आबा पुन्हा आले. आयेने घावण्यांचं गाठोडं दिलं होतं. गिरणीला सुट्टी म्हणजे भावोजींनाही सुट्टी, तेही घरीच. खुर्ची बाहेर गेली. अक्का दाराशी आली, पदर उजव्या खांद्यावरून हातापर्यंत ओढून घेतलेला. आबांनी विचारलं, बरी हायस ना गो? बरी आहे, ती म्हणाली. आबांनी गाठोडं पुढे केलं. ती हलली नाही. मीच मध्ये घुसून ते घेतलं. आबांना वाटलं असेल, पोर लाजली. पागोटं नीट करून ते उठले आणि जिन्याकडे वळले.

मी आजवर लाख शब्द बोलले असेन, पण त्या वेळी मला एकही धड वाक्य सुचेना. काही सांगावं तर भावोजी दोन हातांवर, आणि आबा गेल्यावर संध्याकाळ व्हायचीच होती. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

‘आबा, पाणी पिऊन जावा.’

गॅलरीत तांदूळ निवडणाऱ्या सरूकाकी खुदकन हसल्या. भावोजीही हसले. ‘चिमाबाई, मामा आपल्याकडचं पाणी घेत नाहीत. आधी नातवंड होऊ दे.’

आबाही हसत होते. जिन्याची एक पायरी उतरलेही.

‘अक्काच्या हातचं पिऊन जावा,’ मी म्हटलं.

आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही. आरसा भावोजींच्या खुंटीला असायचा. ते पायरी चढून परत आले. वहाणा काढल्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत आमचे आबा उंबरा ओलांडून आत आले, थेट आतल्या खोलीत गेले आणि जात्याशेजारी जमिनीवर बसले.

‘तहान लागली,’ म्हणाले. ‘काशे, पाणी दी.’

भावोजी चटकन पुढे झाले, मी देतो म्हणाले. आबा म्हणाले, ‘तुम्ही नको, जावयबापू. पोरीच्या हातचा.’

अक्काने तांब्या भरला. डाव्या हाताने. आमच्याकडे दोन वर्षांचं पोरही डाव्या हाताने कुणाला काही देत नाही. दिलं तर हातावर चापट बसते. अक्का बापापुढे डावा हात करून उभी राहिली.

‘उजव्या हातान् दी.’

भावोजी म्हणाले, जात्यावर जरा लागलं आहे, आपण तिला हाडवैद्याकडे नेणारच होतो. आबा त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांनी स्वतः पदर बाजूला केला. खूप वेळ ते मनगट बघत होते. गिरणीत पट्ट्यात सापडलेले हात त्यांनी पाहिले होते. पडून मोडलेला आणि पिळून मोडलेला यांतला फरक त्यांना कुणी सांगायला नको होता. मग त्यांनी तिच्या डाव्या हातातला तांब्या घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

‘दिल्या घरचा पाणी घेऊ नये म्हणतात,’ ते उठत म्हणाले. ‘घेतलं. आता पोरपण घेतो.’

भावोजींचा आवाज तेव्हाही चढला नाही. ‘न्या, मामा. पण हे सरकारचं राज्य आहे. बायको नवऱ्याची असते. मी दावा लावला तर कोर्ट तिला इथे आणून उभी करेल, नाहीतर तुरुंगात पाठवेल. आपण अडाणी आहात म्हणून आधी सांगतो.’

आबांचा चेहरा पडला. कोर्टाचं नाव निघालं की त्या काळचा गिरणीवाला दोन पावलं मागेच सरे. मला वाटलं, झालं. आता ते खाली बसतील. ते अक्काकडे वळले आणि म्हणाले, ‘काशे, तू सांग.’

इतक्या महिन्यांत अक्काला कुणी काही विचारलं नव्हतं. लुगडं कोणतं, हेसुद्धा नाही. तिने भावोजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, ‘येतंय आबा.’ ‘येते’ नाही. आम्ही तिघं जिना उतरलो. तिच्या अंगावर सकाळी त्यांनी काढून ठेवलेलं लुगडं होतं तेवढंच. घावण्यांचं गाठोडं मात्र माझ्या काखेत राहिलं होतं. परळ येईपर्यंत त्यातले बरेचसे मी खाल्ले. खोटं कशाला सांगू, भीतीने मला भूकच फार लागते.

वकिलाची नोटीस आली. आबा ती घेऊन कुणाकुणाचे उंबरे झिजवत राहिले, आणि आये दारात पोस्टमन दिसला की देवापुढे जाऊन बसायची. दावा लागला नाही. भावोजींनी दुसरं लग्न केलं. तेव्हा पुरुषाला त्यात काही आडकाठी नव्हती. आबा म्हणाले सुटलो. मी मात्र कितीतरी दिवस त्या दुसरीचा विचार करत असे. तिच्याबरोबर कोण गेली असेल पाठराखीण म्हणून, आणि तिला घोडे आवडत असतील का.

अक्काचं मनगट वाकडंच बसलं. चाळीत तिला सगळे ‘टाकलेली’ म्हणत. आपल्या पायांनी जिना उतरून आलेल्या बाईला टाकलेली म्हणणं मला कधी पटलं नाही, पण त्यासाठी दुसरा शब्द चाळीत नव्हता. हळदीकुंकवाला तिला बोलावत नसत. माझं लग्न जमताना तिला दोन दिवस मावशीकडे पाठवलं होतं; तीच म्हणाली, मी जाते. ओव्या तिने परत कधी म्हटल्या नाहीत. पण एक खोड तिला लागली ती सुटली नाही. ती प्रत्येक गोष्ट विचारायची. खिडकी उघडू? जरा गॅलरीत उभी राहू? नाक्यापर्यंत जाऊन येऊ? आबांना विचारायची, आयेला विचारायची, कुणी नसलं तर मला, तिच्याहून लहान असलेल्या चिमीला. आम्ही हसायचो. अगो जा की, विचारतेस काय, म्हणायचो. ते ऐकल्याशिवाय तिचं पाऊल उचलायचं नाही.

मी माझ्या थोरल्याला घेऊन माहेरी गेले होते तेव्हाची दुपार. घरात आम्ही दोघीच. मी त्याला पाळण्यात निजवत होते. अक्का लुगड्याच्या निऱ्या सारख्या करून दाराशी उभी राहिली. ‘चिमे, नाक्यावर जाऊन येऊ?’ पोराचा डोळा नुकता लागत होता म्हणून मी बोलले नाही. तिने पुन्हा विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं. ती थांबली. बराच वेळ तशीच उंबऱ्यापाशी उभी होती. मग मी मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

मी गॅलरीत जाऊन पाहिलं. अक्का रस्त्याच्या कडेकडेने चालली होती, डावीकडे बघत, उजवीकडे बघत. नाक्यावर पोचली. तिथे तिला घ्यायचं काही नव्हतं, भेटायचं कुणी नव्हतं. बांगड्यावाला होता, गिरणीत जेवण पोचवून परतणाऱ्या चारदोन बाया होत्या. ती त्यांच्यात नुसती उभी राहिली. मग वळली आणि आली तशीच परत आली.

वर येऊन तिने पाय धुतले, तोंड पुसलं आणि पाळण्याशेजारी बसली.

‘नाक्यावर कुणी कायपण विचारलं नाय गो,’ ती म्हणाली.

मी पाळण्याची दोरी ओढत राहिले.